अठ्ठेचाळीस फोटो आणि दक्षिणेची भिंत

१ डिसेंबर १९९६, रविवार

सोसायटीची मीटिंग चारची होती, ती पावणेपाचला सुरू झाली, कारण चेअरमन बाबासो घोरपडे यांना आधी चहा लागतो. ऐरोलीतल्या आमच्या या सोसायटीला जानेवारीत दहा वर्षं होतात. त्यानिमित्त सव्वीस तारखेला सत्यनारायण, दुपारी बायकांचं हळदीकुंकू, आणि हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन. अठ्ठेचाळीस घरं, प्रत्येक घरचा एक फोटो. कल्पना वाईट नाही. बाबासोंच्या डोक्यातून निघाली याचंच नवल.

मग त्यांनी ठाण्याच्या फ्रेमवाल्याचं कोटेशन वाचलं. काच, सोनेरी पट्टी, मागे हार्डबोर्ड. आकडा ऐकून वाटलं, तो फोटो मढवणार आहे की माणसं? मी उभी राहिले आणि म्हणाले की ही शुद्ध लूट आहे, थोडे पुठ्ठे आणि थोडी अक्कल असली तर दहाव्या हिश्श्यात काम होईल.

बाबासो म्हणाले, "मग मॅडम, तुमीच घ्या की."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला या लोकांना निमित्त लागत नाही.

मे महिन्यात टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं की आता कुणाचं काम अंगावर घ्यायचं नाही. सात महिने टिकलं.

४ डिसेंबर

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला चित्रं चिकटवायला शिकवत. चारी बाजूंना समास सोडायचा, खालचा जरा जास्त. माझे वडील शाळेच्या दवाखान्यात कंपाउंडर, माझी फी माफ. म्हणून माझा समास बाकीच्या मुलींपेक्षा सरळ असावा लागे. तो आजही सरळ येतो, हे सकाळी पडताळून पाहिलं.

चिकटवण्यात मात्र घोळ झाला. निरोपसमारंभाचा एक फोटो बाटलीतल्या डिंकाने पुठ्ठ्यावर बसवला. दुपारपर्यंत त्याचा पापड झाला. आमचे विभागीय अभियंता पोटात कळ आल्यासारखे वाकलेले दिसू लागले. ते एरवीही फारसे वेगळे दिसत नसत.

तळमजल्यावर भगवान जाधव राहतो. रबाळ्याला खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या मशीनवर आहे, मूळचा चिपळूणकडचा. त्याने तो पापड पाहिला आणि हसला नाही, याची मी नोंद घेतली. म्हणाला, "मॅडम, फोटोला डिंक लावायचाच नाही. लोक एकुलता एक फोटो आणून देणार तुमाला. परत निघाला पायजे ना?"

त्याची पद्धत अशी. मागे एक जाड पुठ्ठा. फोटोच्या चार कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे, जुन्या अल्बममध्ये असत तसे. खिसे पुठ्ठ्याला चिकटतात, फोटो नुसता खिशांत अडकतो. वरून खिडकी कापलेला दुसरा पुठ्ठा, म्हणजे चौकट. दोन पुठ्ठे एकमेकांना मैद्याच्या खळीने चिकटवायचे आणि खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर झुरळं जेवायला येतात. काच नको. शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक पुरतं.

मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही, म्हणून दिवसभर त्याच्यावर थोडी रागावलेली होते.

११ डिसेंबर

अठ्ठेचाळीस फोटो, प्रत्येकी चार खिसे. एकशे ब्याण्णव त्रिकोण. एक्स्चेंजच्या खाकी पाकिटांचा गठ्ठा घरी पडून होता, तो कापते आहे. सरकारी पाकिटांचा एवढा चांगला उपयोग माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी केला नसेल.

भगवानने फोरमनची परवानगी काढून बाद झालेले पुठ्ठे आणले आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या चौकटी मशीनवर एकदम कापल्या. आतली खिडकी पाच बाय सात. सगळ्या तंतोतंत सारख्या. त्यांच्याकडे नुसतं बघत बसावंसं वाटतं.

१५ डिसेंबर, रविवार

फोटो गोळा करायला दारोदार फिरले. आमच्या लोकांच्या फोटोंत माणसापेक्षा फ्रिज जास्त दिसतो. सात फोटोंत महाबळेश्वरचं घोडं आहे. माझी खात्री आहे की ते एकच घोडं आहे. कमळाकर सावंत, आमचे सेक्रेटरी, यांनी पासपोर्ट साइझचा फोटो दिला. अख्ख्या चौकटीत ते तिकिटासारखे दिसतील. मोठा द्या म्हटलं, तर म्हणाले यातच मी गंभीर आलोय.

याच कमळाकरांनी हॉलला नवा डिस्टेंपर लावलाय म्हणून भिंतीत खिळे ठोकायला बंदी केली आहे. मग टांगू कुठे? विचार करायला गच्चीवर गेले आणि उत्तर तिथेच पडलेलं दिसलं. घरोघर केबल आल्यापासून टीव्हीचे अँटेने कुणी विचारत नाही, कावळे बसतात त्यांच्यावर. त्यांचे ॲल्युमिनियमचे नळ काढले. छताला मांडवासाठी कड्या आहेतच, त्यांतून सुतळीने नळ आडवे सोडायचे आणि नळांवर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो. खिळा एक नाही, खर्च सुतळीचा. कमळाकरांना हरकत घ्यायला काही सापडलं नाही. बिचारे दहा मिनिटं शोधत होते.

फक्त ब-४ चा फोटो आलेला नाही. ब-४ म्हणजे आमची गिरजाबाई. सहा घरी पोळ्या करते, माझ्याकडेही. आणते, आणते, म्हणते.

२२ डिसेंबर, रविवार

आज रंगीत तालीम होती. तिचा तमाशा झाला.

हॉलमध्ये फोटो लावायला दोनच जागा. एक खिडक्यांची बाजू आणि समोरची लांब कोरी भिंत. मी कोऱ्या भिंतीपासून सुरुवात केली. बारा फोटो लागले असतील, तेवढ्यात बाबासोंच्या सौभाग्यवती आल्या आणि किंचाळल्या. त्यांच्या सासूबाईंचा, बाळाबाईंचा फोटो भिंतीच्या मधोमध होता. ही भिंत दक्षिणेची. दक्षिणेला फोटो लावायचे ते गेलेल्या माणसांचे. जिवंत माणसाचा लावला तर त्याचं आयुष्य कमी होतं. मी विचारलं, यमाचा पोस्टमन पत्ता न बघता नुसती दिशा बघून बटवडा करतो का? कुणी हसलं नाही.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाळाबाई काठी टेकत आल्या. स्वतःच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "कवा गेले मी? मला कुनी सांगितलं न्हाई."

म्हातारी एकटीच शहाणी निघाली. बाकी सगळ्यांनी भराभर आपापले फोटो काढून घेतले. कमळाकर सावंत इंजिनिअर आहेत. त्यांनीही, कुणाचं लक्ष नाही असं बघून, स्वतःला खिशात घातलं.

शेवटी बाबासोंनी तोडगा काढला. गेलेले दक्षिणेला, हयात खिडकीकडे. मी वहीत दोन रकाने आखले, "आहेत" आणि "नाहीत". मूर्खपणा करायचा तर तो निदान व्यवस्थित करावा.

२५ डिसेंबर

वाशीहून केक आणला. भगवानची धाकटी सोनम एवढी फोटो जोडायला मदत करते म्हणून तिला अर्धा दिला. उरलेला मी एकटीने खाल्ला. नाताळची गाणी म्हणावीशी वाटली, पण वरच्या मजल्यावर भजन होतं.

२ जानेवारी १९९७

गिरजाबाईने आज फोटो आणला. मेणकापडात गुंडाळलेला, बाकीच्यांपेक्षा मोठा. वाईच्या स्टुडिओतला, नवरा-बायको दोघांचा. गिरजाबाई खुर्चीत, विशीची असेल, भेदरलेली. शेजारी धनाजी उभा, पागोटं बांधून, ऐटीत. वाशीच्या मार्केटात माथाडी होता म्हणे. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, मी इथे येण्याच्या आधीची गोष्ट.

मी वही काढली आणि विचारलं, हे आहेत की नाहीत?

तिने पोळपाटावरून मान वर केली नाही. म्हणाली, "लिवू नका."

मी म्हटलं, बाई, काहीतरी लिहावं लागेल, रकाने दोनच आहेत.

"मग तिसरा आखा की," म्हणाली.

मग थोडं थोडं करून कळलं. सत्त्याऐंशी साली गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी धनाजी डबा घेऊन कामाला म्हणून बाहेर पडला तो आला नाही. मार्केटात पोचलाच नव्हता. पोलीस झाले, गावी शोध झाला, देवऋषी झाला. कुणी म्हणतं सुरतेला दिसला, कुणी म्हणतं खाडीत गेला. गिरजाबाई कुंकू लावते, मंगळसूत्र घालते.

मी तिला समजावलं की एक्स्चेंजमध्ये रकाना कोरा असलेला फॉर्म आम्ही परत पाठवत असू. "पाठवा की मंग," म्हणाली आणि गेली. आज पोळ्या जाड झाल्या होत्या. माझं काय चुकलं?

५ जानेवारी, रविवार

गिरजाबाईचा दीर कृष्णात आला होता. कोपरखैरण्याला राहतो, तोही मार्केटात. नम्र माणूस, चप्पल दाराबाहेर काढून ठेवली. पुतण्यासाठी, म्हणजे गिरजाबाईच्या विश्वजितसाठी, मुलगी बघितली आहे. कराडकडची माणसं, सध्या घणसोलीला असतात. मुलगी उत्कर्षा बारावी झालेली. सव्वीसला पूजेच्या निमित्ताने ती मंडळी घर बघायला येणार आहेत.

कृष्णात म्हणाला, "मॅडम, समजून घ्या. बाप वारला म्हटलं तर लोक हळहळतात. बाप निघून गेला म्हटलं की लोक विचारतात, का गेला? आन का गेला ते आमालाच म्हाईत नाय."

म्हणून दादाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावावा. हार तो स्वतः आणेल. कुणी काही बोलायचं नाही, भिंतच काय ते सांगेल. लग्नपत्रिकेतही मग "कैलासवासी" छापता येतं. नऊ वर्षं वाट बघितली, कायदाही सातच सांगतो. मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही.

फोटोत वहिनी पण आहे, तिचं काय, म्हणून मी विचारलं. त्याने टेबलावरची एक चौकट उचलून फोटोवर ठेवली, जरा उजवीकडे सरकवली. पाच बाय सातच्या खिडकीत एकटा धनाजी आला. गिरजाबाई पुठ्ठ्याखाली.

"बघा," म्हणाला, "बरोबर बसला."

खरंच बरोबर बसला. मापाने काम केलं की असं होतं.

९ जानेवारी

गिरजाबाईला चौकट दाखवली. वाटलं, खूश होईल. किती स्वच्छ दिसतोय नवरा.

हातातलं पीठ न झटकता तिने ती घेतली. मग म्हणाली, "आन मी कुटं गेले?"

मी म्हटलं, तू आहेस ना, खाली आहेस, पुठ्ठ्याच्या मागे. जिवंत माणूस दक्षिणेला चालत नाही. तुमचाच नियम आहे, माझा नाही.

ती खुर्चीवर बसली. माझ्या घरात ती याआधी कधी खुर्चीवर बसलेली नाही. म्हणाली की सकाळी तो फोटो हार घालून तिथे लागला, तर दुपारी हळदीकुंकवाला ती कुठल्या तोंडाने जाणार? करंडा तिच्यापाशी आला की बायका तिच्या कपाळाकडे बघणार आणि भिंतीकडे बघणार. कुंकू पुसलं तर तिने स्वतःच्या हाताने नवरा मारल्यासारखं. नाही पुसलं आणि फोटो खिडकीकडे लावला, तर पोराचं लग्न मोडणार.

"पोराला पोरगी आवडलीया, बाई. म्या काय करू?"

एक्स्चेंजमध्ये उत्तर येत नसलं की आम्ही म्हणत असू, कृपया प्रतीक्षा करा. तेही म्हणता येईना, नऊ वर्षं तिने दुसरं काय केलं आहे? मी चहा टाकला. साखर जास्त पडली. तिने मुकाट्याने प्यायला.

१४ जानेवारी, संक्रांत

बाळाबाईंना तीळगूळ द्यायला ब-३ मध्ये गेले. म्हातारीला दात नाहीत, लाडू गालात धरून बसते आणि अर्धा तास बोलते. त्यांच्या आणि गिरजाबाईच्या घरामध्ये एक भिंत. विचारलं, गिरजी हल्ली रडते का? मला रात्री ऐकू येतं. मी सगळं सांगितलं, फोटो, कृष्णात, चौकट, हळदीकुंकू. सांगून उपयोग काहीच नव्हता, ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून सांगितलं.

त्यांनी लाडू एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. म्हणाल्या, "माजा फोटू कुटं लावनार हाईस?"

मी म्हटलं, खिडकीकडे, हयातांत.

"हं," म्हणाल्या. ऐंशीच्या पुढे माणसाला स्वतःशिवाय काही सुचत नाही. मी एवढं बोलले, आणि यांना आपल्याच फोटोची पडलेली.

१८ जानेवारी

वय झालं की माणसं लहान मुलांसारखी हट्ट करतात. मी अशी होणार नाही, हे इथे लिहून ठेवते.

बाळाबाई आज सकाळी हॉलमध्ये येऊन बसल्या आणि जाहीर केलं की त्यांचा फोटो दक्षिणेच्याच भिंतीवर लागला पाहिजे, आणि हार घालून. नाहीतर त्या पूजेला येणार नाहीत, प्रसाद घेणार नाहीत आणि बाबासोंशी बोलणार नाहीत. बाबासो हात जोडून उभे. त्यांच्या सौभाग्यवती डोळ्यांना पदर लावून. मी विचारलं, का पण? म्हणाल्या, "खिडकीपाशी उजेड लई. माजं तोंड काळं दिसतंया." मी म्हटलं, फोटो काळा-पांढरा आहे. "म्हनूनच की," म्हणाल्या.

बाबासो म्हणाले, "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हनू देत. मेल्यावर माजा हार मला दिसनार हाय का? मला आत्ताच बगायचाय."

मग काय, अ-११ च्या आजी म्हणाल्या, बाळाबाई तिथे तर मीही तिथे. ब-१९ चे आजोबाही म्हणाले. त्यांना बाळाबाई जिथे जातील तिथे जायचं असतं, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. अर्ध्या तासात माझ्या "आहेत" रकान्यातले पाच जण दक्षिणेला पोचले. बाकीच्या घरांतले गेलेले तिथे आधीच होते, म्हणजे आता भिंतीकडे बघून कुणाचं काय झालंय ते कळेना.

माझा संताप झाला. वहीतलं पान फाडलं आणि सांगितलं की आता फोटो घरांच्या नंबराने लागतील. अ-१ पासून ब-२४ पर्यंत ओळीने, वाटेत जी भिंत येईल तिच्यावर. टेलिफोन डिरेक्टरीत कोण हयात आहे ते कुणी विचारत नाही. नंबर असला की बास.

हरकत कोण घेणार? चेअरमनची आई स्वतः दक्षिणेला चाललेली. बाळाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही मिस तशी हुशार हाय, जरा टायम लागतो." कशाबद्दल म्हणाल्या कोण जाणे.

१९ जानेवारी

कृष्णात आला. तुम्ही कबूल केलं होतं, म्हणाला. मी म्हटलं, मी चूक वाटत नाही असं म्हटलं होतं, ते कबूल करणं नव्हे. ब-४ नंबर दक्षिणेच्याच भिंतीवर येतोय, झालं ना तुमच्या मनासारखं? त्याने जाऊन बघितलं. ब-४ च्या एका बाजूला बाळाबाई, जिवंत. दुसऱ्या बाजूला ब-५ च्या आकाशचं बारसं, पाळण्यात मुठी आवळून. मग कृष्णात हार आणायचं रद्द केलं असं सांगून गेला. वाईट माणूस नाही तो. पुतण्यासाठीच चाललंय सगळं.

२५ जानेवारी

सगळे फोटो टांगून झाले. सुतळी, चिमटे, नळ, सगळं सरळ. भगवानने लेव्हल धरली, सोनमने चिमटे दिले.

ब-४ राहिला होता. पाच बाय सातची चौकट त्याच्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. कुठेही सरकवली तरी दोघांतलं एकच बसतं. भगवानला विचारलं, मशीनवर मोठी खिडकी कापून मिळेल का? म्हणाला, उद्या सुट्टी, मशीन बंद. मग ब्लेड घेतलं आणि हातानेच कापली. पुठ्ठा जाड, माझी मनगटं साठीला टेकलेली. डावीकडची कड वाकडी गेली, खालचा समास कमी पडला, अंगठा कापला तो वेगळाच. अठ्ठेचाळीसांत एकच चौकट वेडीवाकडी, आणि ती दारातून शिरताच समोर. सिस्टर बेनेडिक्टांनी मला ती पुन्हा करायला लावली असती.

पुन्हा केली नाही. वेळ नव्हता. वेळ होता, पण केली नाही.

२६ जानेवारी, रविवार

दिवस संपला. हातपाय दुखताहेत. क्रमाने लिहिते.

पूजा दहाला होती, साडेअकराला झाली. लोकांनी फोटो बघितले, म्हणजे आधी स्वतःचा बघितला आणि मग दुसऱ्याचा कसा वाईट आलाय ते बघितलं. कमळाकर सावंत खरोखरच तिकिटासारखे दिसत होते. बाळाबाई हार घातलेल्या स्वतःच्या फोटोखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. येणारा-जाणारा आधी दचकायचा, मग त्यांच्या पाया पडायचा. तासाभरात त्यांनी जेवढे नमस्कार गोळा केले, तेवढे सत्यनारायणालाही मिळाले नाहीत.

चारला हळदीकुंकू. तेव्हाच घणसोलीची मंडळी आली. उत्कर्षा, तिचे वडील, आणि तिची आजी, उंच, ताठ, हातात पिशवी. विश्वजित खांबामागे उभा होता. जणू खांबामागचा माणूस दिसत नाही.

आजीची पहिली नजर त्या वेड्यावाकड्या चौकटीवरच गेली. बाकी सत्तेचाळीस काय कमी होत्या? जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, "ह्या तुम्ही का? आणि हे व्याही कुठं असतात?"

कृष्णातने तोंड उघडलं. त्याच्या आधी गिरजाबाई बोलली. आवाज मोठा नव्हता, पण हॉलभर ऐकू आला.

"ठाऊक न्हाई," म्हणाली. "डबा घिऊन कामाला गेले ते आले न्हाईत. धा वर्सं व्हतील आता. गेल्याचं कुनी सांगितलं न्हाई, म्हनून म्या पुसलं न्हाई. ज्यांना पोरगी द्यायची त्यांनी हे धरून द्यावी."

उत्कर्षाचे वडील जमिनीकडे बघत होते. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, काय ते आता आठवत नाही. बाळाबाईंनी काठीने माझी वाट अडवली.

आजी फोटोकडून गिरजाबाईकडे वळली. मग विचारलं, "घरात मारहाण, दारू, असं काही?"

"न्हाई," गिरजाबाई म्हणाली. "गप असायचे. लई गप."

"आमचे हे पण गप असायचे," आजी म्हणाली. "पण घरातच बसून असायचे." पिशवी खाली ठेवली, हळदीकुंकू लावणाऱ्या बाबासोंच्या सौभाग्यवतींना जवळ बोलावलं, आणि म्हणाली, "मला चालत नाही, तुम्ही लावा हिला. पहिलं हिलाच लावा."

गिरजाबाईच्या कपाळावर हळद लागली, कुंकू लागलं. तिने डोळे मिटून घेतले होते. खांबामागून विश्वजित बाहेर आला.

एवढ्यात करंडा माझ्यापाशी आला आणि नेहमीसारखा अडला. दरवर्षी असं होतं. मला साठीत कुमारिका म्हणावं, की दुसरं काही, हे कुणाला ठरवता येत नाही, आणि मीच तोवर चहा बघायला निघून जाते. आज बाळाबाईंची काठी आडवी होती. गिरजाबाईने बोटं करंड्यात बुडवली आणि माझ्या कपाळाला लावली. म्हणाली, "चहा व्हईल नंतर."

हे अत्यंत आगाऊपणाचं होतं. संध्याकाळी तोंड धुताना पुसायचं राहून गेलं. दमल्यावर असं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

फोटो परत केले. एकाही फोटोला ओरखडा नाही, हे श्रेय भगवानचं आणि खाकी पाकिटांचं. पण लोकांना फोटो चौकटीसकट हवेत. काल ज्यांना सोनेरी पट्टी हवी होती, तेच आज पुठ्ठ्याला हात लावू देत नाहीत. सगळ्यांना देऊन टाकले. कमळाकर विचारत होते, पासपोर्ट साइझला अजून लहान खिडकी करता येईल का?

सकाळी गिरजाबाई साखर घेऊन आली होती. जमलं. लग्न एप्रिलच्या शेवटी, वाईला. विश्वजित तीन दिवस जमिनीवर नाही. पत्रिकेत धनाजीच्या नावाआधी काही छापायचं नाही, नुसतं नाव, असं आजीनेच सुचवलं. कृष्णातही तयार झाला. त्याची एकच इच्छा होती, मांडवात दादाचा फोटो खुर्चीवर ठेवावा. मुलाचा बाप नसला की ठेवतात तसा. गिरजाबाई नाही म्हणाली. फोटो घरी राहील. मांडवात पहिल्या रांगेत नुसती खुर्ची ठेवायची, रिकामी.

मग मला म्हणाली, "बाई, तुमी तिच्याशेजारी बसायचं. आमची मानसं लई, कुनीबी येऊन बसतंया. बसाय लागलं की उटवायचं. तुमचं ऐकत्यात."

मी विचारलं, आणि किती वेळ धरून ठेवायची?

"पंगत उटंस्तवर," म्हणाली. मग परात पुढे ओढत, "जरा नंतरबी."

मी म्हटलं, चौतीस वर्षं मी लोकांना लाइनवर थांबवून ठेवलं आहे, एक खुर्ची जड जाणार नाही. ती हसली आणि कणीक मळायला लागली. आज पोळ्या चांगल्या झाल्या होत्या.

एप्रिलमध्ये वाईला ऊन फार असतं. खुर्ची मांडवाच्या आत असेल की कडेला, हे विचारायचं राहिलं. उद्या विचारते. कडेला असेल तर आधीच सांगते, सावलीत घ्या म्हणून. लांबून आलेला माणूस उन्हात बसवायचा नसतो.